इच्छा शून्य

चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मला ओळखणारे म्हणतील, ही बाई चार पानं दुसऱ्यांच्या चुका काढेल आणि शेवटी हळूच स्वतःकडे येईल. माझा धंदाच तो होता. अठ्ठावीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. ऱ्हस्वदीर्घाची चूक दिसली की लाल पेनाने गोल करायचा आणि पुढच्या ओळीवर जायचं. छापखाना बंद पडल्यावर मानसशास्त्र विभागात लागले. तिथल्या सरांना व्यसनांवरच्या संशोधनासाठी असा माणूस हवा होता, ज्याला भाषा चांगली येते आणि जो उगाच बडबड करत नाही. दुसऱ्या गोष्टीबद्दल मी मुलाखतीत चक्क खोटं बोलले.

संशोधन साधं होतं. दारू सोडलेली माणसं यायची. त्यांना एका छोट्या खोलीत बसवायचं, त्यांच्या आवडीची दारू ग्लासात ओतून समोर ठेवायची. तीन मिनिटं ग्लास हातात धरायचा, वास घ्यायचा, प्यायचं नाही. पुन्हा पुन्हा असं केलं की माणसाला दारूसमोर नुसतं बसण्याची सवय होते का, हे सरांना बघायचं होतं. माणसाच्या बोटाला एक चिमटा लावलेला असायचा, त्यावर नाडीचे ठोके दिसायचे. मी समोर बसून छापील प्रश्न विचारायचे: "या क्षणी तुमची दारू पिण्याची इच्छा किती आहे? शून्य ते दहा." उत्तर लिहायचं. शेवटचा आकडा दोनच्या वर असला तर त्या माणसाला लगेच सोडायचं नाही, असा नियम होता. शेजारच्या खोलीत खाट होती, खिडकी होती, तिथे बसवायचं, घरी फोन लावून द्यायचा, आकडा उतरल्यावरच जाऊ द्यायचं. दोन किंवा कमी असेल तर सही घेऊन मोकळं.

मूळ प्रश्नावली परक्या भाषेतली होती. तिचं मराठी मी केलं. बेचाळीस प्रश्न आणि त्यातला मुख्य शब्द 'क्रेव्हिंग'. मी लिहिलं, इच्छा.

विभागात एक मामा होते, शिपाई. सगळे त्यांना मामाच म्हणायचे, सरसुद्धा. दर तासाला जिन्याखाली जाऊन सिगारेट ओढून यायचे. मी टाइप करून आणलेला कागद त्यांनी झेरॉक्सला नेता नेता वाचला आणि दारातच थांबले.

"बाई, दारूची इच्छा?" ते म्हणाले. "इच्छा म्हणजे घर बांधावं, गाव बघावं, अशी असते. दारूची असते ती तलफ."

"मामा, हे विद्यापीठ आहे," मी म्हटलं. "तलफ हा शब्द छापील कागदावर शोभत नाही."

"शोभत नाही ते खरं. पण येते ती तलफच येते."

"तुम्ही झेरॉक्स काढा आधी."

मामा हसत गेले. मला राग आला, कारण ज्या माणसाला 'आशीर्वाद' नीट लिहिता येत नाही त्याने मला शब्द सुचवावा! सरांनी एकदा विचारलं होतं, "दुसरा एखादा जवळचा शब्द आहे का?" मी छातीठोकपणे नाही म्हणाले. मग आणखी एका बाईंनी माझं मराठी परत मूळ भाषेत नेलं, ते जुळलं, सरांनी बरोबरची खूण केली. झालं. छपाईच्या यंत्रात बसलं की बसलं.

आता सतरा नंबरबद्दल. आम्ही कुणाचं नाव घेत नसू, प्रत्येकाला नंबर. पण मनातल्या मनात मी त्यांना घड्याळवालेच म्हणायचे. साठीला टेकलेले, अंगाने काटक. घड्याळं दुरुस्त करायचं छोटंसं दुकान. डोळ्याला भिंग लावून लावून उजव्या डोळ्याभोवती कायमचा गोल वळ पडलेला. दारू सोडून दहा महिने झाले होते. बायको केव्हाच गेलेली, एक मुलगी, आणि मुलीची मुलगी सात वर्षांची.

त्या नातीची दुपार हीच त्या माणसाची सगळी कमाई होती. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला, सातला सुटायची. नातीची शाळा चारला सुटायची. मधले तीन तास मुलीने दहा महिन्यांनी बापावर सोपवले होते. ते चारला शाळेच्या दारात उभे राहायचे, नातीला दुकानात आणायचे, ती बिघडलेल्या गजराच्या घड्याळांशी खेळायची. अट एकच. एक घोट घेतला तर नात परत दिसणार नाही. हे सगळं त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं, फॉर्ममध्ये विचारलं नव्हतं तरी.

पहिल्या वेळी मी प्रश्न वाचला तेव्हा ते ग्लासाकडे बघत म्हणाले, "इच्छा? छे हो. इच्छा मेली ती कधीच."

"आकडा सांगा."

"शून्य."

चिमट्यावरचा आकडा मात्र शहात्तरवरून एकशे आठवर गेला होता. मी तोही लिहिला. लिहायचं काम चोख.

दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "इच्छा नाहीच. पण बाई, तलफ जी असते ना..."

"फक्त आकडा," मी म्हटलं. "आणि इथे आपण इच्छा म्हणतो." नियम असाच होता, शब्द समजावून सांगायचा नाही, कागदावर आहे तसाच वाचायचा. पण नियमाच्या आड लपत नाही मी. माझ्या आवाजात जो तोरा होता तो कुठल्या नियमात लिहिलेला नव्हता. त्यांनी शाळेतल्या पोरासारखी मान खाली घातली आणि म्हणाले, "शून्य."

पुढे पुढे त्यांना त्या शून्याचा अभिमान वाटायला लागला. "लेक विचारते, आज किती मार्क? मी म्हणतो, शून्य! आयुष्यात भोपळा मिळाल्यावर कौतुक झालेला मीच पहिला असेन." मी हसले होते. सरही खूश होते. ठोके वाढतात आणि माणूस शून्य म्हणतो, यावर वेगळा लेख लिहायचं त्यांच्या डोक्यात घोळत होतं. त्यांनी त्याला नाव पण दिलं होतं, नकार. माणूस स्वतःशीच कबूल होत नाही म्हणे.

सहावी वेळ गुरुवारी होती. त्या दिवशी घड्याळवाल्यांनी ग्लास हातात घेतला आणि ग्लासातली दारू थरथरायला लागली. केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवणारा हात तो. ठोके एकशे एकवीस. मी विचारलं, "या क्षणी तुमची दारू पिण्याची इच्छा किती आहे?"

ते म्हणाले, "इच्छा... नाही. देवाशप्पथ नाही. शून्य."

मी लिहिलं. ग्लास उचलला. सहीसाठी कागद पुढे केला तर ते उठेनात.

"बाई, जरा बसू का त्या खोलीत? पंधरा मिनिटं?"

"तुमचं तर शून्य आहे ना?"

"हो. शून्यच."

"मग ती खोली दोनच्या वरच्यांसाठी असते. आणि अडीचचा माणूस आलाय बाहेर, दहा मिनिटं झाली."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तुमचंही काम असतं." त्यांनी सही केली आणि गेले. खोली रिकामी होती. खाटेवरची चादर मीच सकाळी झटकून नीट घातली होती, दिवसभर त्यावर कुणी बसलं नाही.

चारला ते शाळेत पोचले नाहीत. विभागाच्या समोरच्याच गल्लीत बार होता, तिथे बसले ते दुकानं बंद व्हायची वेळ झाली तरी उठले नाहीत. पोरगी दप्तर पाठीला लावून शाळेच्या फाटकाशी उभी. सगळी मुलं गेली. साडेसहाला शाळेच्या राखणदाराने तिच्या आईला फोन केला. तोपर्यंत ती रडून रडून थकून पायरीवर झोपली होती.

हे मला शुक्रवारी सकाळी कळलं. घड्याळवाल्यांनीच विभागात फोन केला होता, मामांनी घेतला. निरोप एवढाच होता: सतरा नंबर कापा. मामांनी मग हळूहळू सगळं काढून घेतलं त्यांच्याकडून. मला सांगताना त्यांनी 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी भांडले तरी असते.

त्या दिवशी अकराला एक ट्रकवाले होते, तेवीस नंबर. त्यांची इच्छा नेहमी एक, फार तर दोन. मी प्रश्न वाचला, त्यांनी सांगितलं, "एक." मग मी पेन खाली ठेवलं आणि नियम मोडला.

"आणि तलफ?"

ते खो खो हसले. "तलफ होय! ती नऊ आहे, बाई. ती नेहमीच नऊ असते. पण ती तुम्ही कधी विचारलीच नाहीत."

त्यांना मी शेजारच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, घरी फोन लावून दिला. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. प्यायची इच्छा नाही, असं तो घड्याळवाला माणूस सहा वेळा सांगत होता, आणि ते अक्षर अन् अक्षर खरं होतं. तो इच्छा नव्हती म्हणूनच तर आमच्याकडे येत होता. जे त्याला छळत होतं त्याचं नाव त्याने मला सांगितलं होतं, आणि मी ते अशुद्ध म्हणून खोडलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, कळलं ना? मग लगेच सरांकडे जायचं. मीही शनिवार-रविवार हेच म्हणत होते. घरात भांडी आपटत होते. आमच्या ह्यांनी विचारलं, कुणावर राग आहे? मी म्हटलं, कुणावर नाही, गप बसा. सोमवारी पहिल्या तासाला सांगते, असं ठरवून गेले. पण सोमवारी माझ्या आधी घड्याळवाल्यांची मुलगी येऊन बसली होती.

तिशीची असेल. औषधांच्या दुकानाचा पांढरा कोट अंगात तसाच. सरांच्या टेबलासमोर बसून ती एकेक शब्द मोजून बोलत होती. सरांनी मला हाक मारली, "सतराची फाइल आणा." मी आणली आणि तशीच उभी राहिले.

"मला फक्त एक सांगा," ती म्हणाली. "बाबा म्हणतात, त्यांनी तुम्हाला सांगायचा प्रयत्न केला. आत काहीतरी होतंय म्हणून जरा बसू का, असंही विचारलं. हे खरं असेल तर मी परत विचार करेन. माणूस पडतो, पण पडायच्या आधी हाक मारली असेल तर मी धरेन त्याला. पण हेही खोटं असेल तर बास. लहानपणापासून मी हेच ऐकत आलेय. माझ्या मुलीला नाही ऐकवणार."

सरांनी माझ्या हातून फाइल घेतली, उघडली. त्यांनी वाईट हेतूने काहीच केलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांच्यासमोर जे होतं ते त्यांनी वाचलं. "हे बघा. सहा वेळा विचारलं. सहाही वेळा शून्य. गुरुवारीसुद्धा शून्य. बसायला मागितल्याची नोंद नाही." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "ही माणसं मुद्दाम फसवतात असं नाही. याला आम्ही नकार म्हणतो."

"आम्ही घरी खोटं म्हणतो," ती म्हणाली.

माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. एकच वाक्य होतं, त्यांनी मागितलं होतं आणि मी दिलं नाही. ते मी म्हटलं नाही. सरांची भीती म्हणू? तशी मी कुणाला भीत नाही. नोकरी म्हणू? ती गेली असती तरी आम्ही उपाशी मरत नव्हतो. खरं सांगायचं तर मला इतकंच झालं, की ह्या पोरीसमोर, सरांसमोर, दारात झाडू घेऊन उभ्या असलेल्या मामांसमोर म्हणावं लागेल, शब्द चुकला. माझा. एवढ्यासाठी मी गप्प बसले. एका माणसाला नात दुरावली, आणि मी माझी अब्रू सांभाळत बसले होते.

मुलीने फाइलवर बोट ठेवून सहाही शून्यं नीट पाहिली. "मला वाटलंच होतं," म्हणाली, आणि गेली.

त्यानंतरचे नऊ दिवस मी कसे काढले ते सांगून तुमची कीव मागणार नाही. जेवत होते, झोपत होते, ग्लास भरत होते. फक्त प्रत्येक माणसाला आकडा काही असो, शेजारच्या खोलीत बसवत होते. जणू त्याने काही भरून निघणार होतं! मामा सगळं बघत होते. दहाव्या दिवशी सकाळी मी सरांना सगळं सांगितलं. घड्याळवाल्यांनी बसायला मागितल्याचंही. सर म्हणाले, एक्क्याऐंशी माणसं, दीड वर्षाचं काम, सगळं पहिल्यापासून. चिडले, पण त्याच दुपारी काम थांबवायचं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. तिथून मी थेट घड्याळांच्या दुकानात गेले.

दुकान उघडं होतं. घड्याळवाले प्यालेले नव्हते. दाढी वाढली होती, भिंग कपाळावर चढवलेलं. मला बघून गडबडीने उठले, स्टूल पुसलं.

"बाई, तुम्ही कशाला आलात? मीच येणार होतो माफी मागायला. तुमचं रेकॉर्ड बिघडवलं मी."

"तुम्ही काही बिघडवलं नाहीत."

"कसं नाही? लेक म्हणाली, तुमच्याशीपण खोटं बोललो मी. कागदावरच आहे म्हणे. बोललो असेन. प्यायलेल्या माणसाला स्वतःचं काय कळतं? मला आपलं वाटत होतं मी खरं सांगतोय."

मी सांगितलं. उभ्या उभ्याच, कारण त्या पुसलेल्या स्टुलावर बसायची माझी लायकी नव्हती. इच्छा आणि तलफ, मामा काय म्हणाले, ट्रकवाले काय म्हणाले, रिकामी खोली, सगळं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. भिंतीवरची पाच-पन्नास घड्याळं आपापल्या वेळा दाखवत टिकटिकत होती.

"म्हणजे ते होतं," ते शेवटी म्हणाले.

"काय?"

"ते आत जे व्हायचं. तुम्ही विचारायच्या नाहीत तेव्हा मला वाटलं, शिकलेल्या लोकांच्या हिशेबात ते धरत नसतील. शून्य लिहिलंय, म्हणजे आपण बरे झालो. उगाच घाबरतोय." त्यांनी डोळ्याखालच्या त्या वळावरून बोट फिरवलं. "मी बरा झालो असं समजून बाहेर पडलो होतो, बाई."

त्यांनी मला शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी विचारलं, "हे तिला सांगाल?"

औषधांचं दुकान तिथून दहा मिनिटांवर. मुलगी काउंटरच्या मागे गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात लावत होती. तिने मला लगेच ओळखलं. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी सरळ बोलायला लागले. ह्या वेळी अडखळले नाही. वाटेत दहा वेळा पाठ केलं होतं. तुमच्या वडिलांनी खोटं सांगितलं नाही. प्रश्न चुकीचा होता, तो मी लिहिला होता. त्यांनी बसायला मागितलं होतं. मी हाकलून दिलं.

तिचा हात थांबला. पट्टी तशीच धरून ती खाली बघत होती. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने कोटाच्या बाहीने पुसलं, आणि पुन्हा आलं.

"मागितलं होतं त्यांनी," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

"हो. पंधरा मिनिटं."

"उद्या मी अर्धी रजा घेते. त्यांना घेऊन जाईन शाळेत. एकटं नाही पाठवणार अजून, पण घेऊन जाईन." मग तिने नाक पुसलं आणि पहिल्यांदाच नीट माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही त्या दिवशी तिथेच होतात ना? फाइल घेऊन उभ्या होतात."

"होते."

"तेव्हा हे माहीत होतं तुम्हाला?"

खोटं बोलता आलं असतं. 'मला नंतर कळलं' असं मी म्हणाले असते तर तिला कोण सांगणार होतं?

"माहीत होतं," मी म्हटलं.

ती रागावली नाही. मला खरंच समजून घ्यायचंय, अशा आवाजात तिने विचारलं, "बाबांचं एक कळतं मला. त्यांना दारू होती. तुम्हाला काय होतं?"

एक म्हातारे गृहस्थ चिठ्ठी घेऊन आले, आणि मी त्यांना जागा द्यायला बाजूला झाले. ती त्यांची औषधं काढत होती. ते गेल्यावर ती परत माझ्याकडे वळली. तिला उत्तर हवं होतं, आणि मी तिथेच उभी होते.